म्हातारपणी नवं पाठांतर
(शताब्दी सोहळ्यात खोडाळा येथे केलेले भाषण)

माऊलींनो, मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. नागली-वरईची शेती आणि जमेल तसं कीर्तन. दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला म्हणाले, तर माझ्या फजितीवरूनच सुरू करतो.

गेल्या माघात एका गावी कीर्तनाला उभा होतो. निरूपण रंगात आलं आणि प्रमाणाची ओवी काही केल्या तोंडी येईना. तीस वर्षं म्हटलेली ओवी! टाळकऱ्यांनी ओळखलं, गजर धरला, मला सावरून घेतलं. पण घरी आल्यावर झोप नाही. आमचे चुलते शेवटी शेवटी घरची वाट विसरत होते, तेच डोळ्यापुढे.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयानं थोडं होतंच. बीपीची गोळी चुकवू नका, कान तपासून घ्या आणि रोज काही नवीन शिका. मी म्हटलं, हरिपाठ रोज म्हणतो की! ते हसले. पाठ झालेलं म्हणताना डोक्याला कष्ट कुठं पडतात? खरंच आहे. बैलसुद्धा रोजच्या वाटेनं आपोआप गोठ्यात येतो.

मग ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय धरला. त्यातल्या त्यात लहान म्हणून. रोज दोन ओव्या. नातू वाचतो, मी मागून म्हणतो, दिवसभर बांधावर घोळवतो, रात्री तो पोथी धरून बसतो आणि मी तोंडपाठ म्हणतो. चुकलो की पठ्ठ्या खूश! मला आधी राग यायचा, आता येत नाही.

आमच्या बापाच्या काळात अक्षर कुणालाच येत नव्हतं. हरिपाठाचे सत्तावीस अभंग खळ्यावर, एकेक चरण ऐकून माणसं शिकली. आता टाळकरीसुद्धा मोबाईलमधे बघून म्हणतात. बघा बापडे, पण बॅटरी उतरली की अभंगही उतरतो. आणि पावली खेळताना ताल, पाय, शब्द एकदम सांभाळायचे असतात, तेव्हा मोबाईल कुठं धरणार?

कुणी म्हणेल, या वयात काय शिकणार? मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या पुढच्या, नव्वदीपर्यंतच्या म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षर गिरवायला बसल्या. आमच्या बायांना तर जात्यावरची, लग्नाची कितीतरी गाणी येतात. ती नातींना शिकवायला कुणी बसवलंय का? घरोघर म्हातारीला एकच सांगणं, तू बस गप.

एक मात्र सांगतो. ज्याला खरंच विसरण्याचा आजार जडला त्याची परीक्षा घेत बसू नका. ‘मी कोण, ओळखा बघू’ असं चारचौघांत विचारू नका, माणूस कानकोंडा होतो. आमच्या चुलत्यांना माझं नाव आठवत नव्हतं. पण हातात टाळ दिले की ते अख्खा अभंग चालीवर म्हणायचे. आम्ही रोज संध्याकाळी टाळ द्यायचो, बस्स.

तर येत्या दशमीपासून देवळात काकड्यानंतर अर्धा तास नवीन पाठांतर ठेवलं आहे. एक म्हातारं, एक पोर अशी जोडी. पोथ्या आहेत. घोंगडी ज्यानं त्यानं आणावी, फरशी गार असते. रामकृष्ण हरी.