पाटी कुणाची, पैसा कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बियाण्याची पिशवी घेताना आपण काय पाहतो? वरचे कणसाचे चित्र नाही पाहत. लेबल पाहतो, लॉट नंबर पाहतो, उगवणशक्ती किती टक्के लिहिली आहे ते पाहतो आणि पक्की पावती मागतो. बी उगवले नाही तर दाद कुणाकडे मागायची, हे त्या पावतीवर ठरते. कर्ज घेताना मात्र आपले दोनच प्रश्न असतात. किती मिळतील आणि कधी मिळतील? आता तर कर्ज मोबाईलवर मिळते, जामीन लागत नाही, सोसायटीच्या सचिवाचे तोंड पाहावे लागत नाही. म्हणून कर्ज देणाऱ्याची परीक्षा कशी करायची, यावर आज बोलणार आहे. उदाहरण अमेरिकेचे घेतो. कारण हा खेळ तिथे आपल्या आधी रंगला आणि त्याचा हिशेब तिथल्या न्यायालयांच्या कागदांवर उघडा पडला आहे.

अमेरिकेत बऱ्याच कामगारांना पगार दर पंधरवड्याला मिळतो. पगार हातात पडेपर्यंत भागवायला जे कर्ज घेतात, त्याला तिथे 'पे-डे लोन' म्हणतात. रक्कम लहान, मुदत दोन आठवडे. घेणारा बहुधा नोकरदार गरीब. गाडी बिघडली, पोर आजारी पडले, घरभाडे थकले की तो तिकडे वळतो. अनेक राज्यांनी अशा कर्जाच्या व्याजावर मर्यादा घातली आहे. न्यूयॉर्क राज्यात साधारणपणे साला २५ टक्क्यांच्या वर व्याज लावणे हा फौजदारी गुन्हा आहे.

मग सावकाराने काय केले? त्याने कायद्याला वळसा घालणारी वाट शोधली.

अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासींच्या, मान्यताप्राप्त जमाती सुमारे पावणेसहाशे आहेत. त्यांच्या जमिनी गेल्या, पण आपला कारभार आपण करण्याचा हक्क त्यांनी टिकवला. जमातीच्या सरकारवर तिच्या संमतीशिवाय किंवा अमेरिकेच्या संसदेने मुभा दिल्याशिवाय सहसा दावा लावता येत नाही. हा हक्क त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगून मिळवला आहे, त्याची टिंगल करण्याचे आपल्याला कारण नाही. पण सावकाराच्या नजरेला त्यात वेगळेच दिसले. जमातीची पाटी लावली की राज्याचा व्याजाचा कायदा आपल्याला शिवत नाही, असा डाव त्याने मांडला.

स्कॉट टकर नावाच्या इसमाचा खटला यातला सर्वांत गाजलेला. त्याचा कारभार चाले कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्क गावातून. कागदावर मात्र मालक होत्या ओक्लाहोमा आणि नेब्रास्का राज्यांतल्या जमाती. फोनवर बोलणाऱ्या नोकरांना त्या जमातींच्या गावचे हवामान रोज कळवले जाई, म्हणजे कर्जदाराला वाटावे की समोरचा तिथूनच बोलतो आहे. कामगाराच्या पोटावर पाय देण्यासाठी पावसापाण्याच्या गप्पासुद्धा खोट्या!

आता हिशेब पाहू. पाटी-पेन्सिल असेल तर काढा.

कर्ज ३०० डॉलर. करारात ठळक लिहिलेले, एकूण फेड ३९० डॉलर. म्हणजे वरकड ९०. घेणाऱ्याला वाटले, पुढच्या पगाराला ३९० कापले जातील आणि मोकळे होऊ. पण बारीक अक्षरात दुसरेच होते. पहिले चार पगार बँकेच्या खात्यातून फक्त ९० डॉलर वळते होत. चार वेळा ९०, झाले ३६०. मुद्दल किती फिटले? एक छदाम नाही. पाचव्या पगारापासून मुद्दलाचे ५० आणि त्यावर आकार, आधी ९०, मग ७५, ६०, ४५, ३० आणि शेवटी १५. असे सहा हप्ते, त्यांचे झाले ६१५. आधीचे ३६० मिळवा. एकूण ९७५ डॉलर! घेतले ३००, सांगितले ३९०, वसूल केले ९७५.

आपल्या भाषेत सांगायचे तर शंभराला चौदा दिवसांचे तीस. वर्षात असे सव्वीस पंधरवडे, म्हणजे दर साला ७८० टक्के. गावातला सावकार महिना शेकडा पाच घेतो तेव्हा आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. त्याचे साला साठ होतात.

आणि ज्या जमातीची पाटी होती, तिच्या पदरात काय पडले? सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले त्याप्रमाणे उत्पन्नाचा सुमारे एक टक्का. टकर शर्यतीच्या मोटारी पळवत होता. वाट्याने दिलेल्या शेतात खळ्यावरचे धान्य कुणाच्या घरी जाते, त्यावरून खरा धनी कळतो, सातबाऱ्यावरच्या नावावरून नव्हे.

टकरला २०१७ मध्ये दोषी ठरवले गेले आणि २०१८ मध्ये १६ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी कर्जदारांना ५० कोटी ५० लाख डॉलर परत देण्याची व्यवस्था सुरू झाली. पण तिथल्या व्यापार आयोगाने त्याच्याविरुद्ध मिळवलेला सव्वाशे कोटी डॉलरहून मोठ्या भरपाईचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टिकू दिला नाही. ज्या कलमाखाली तो मिळवला होता, त्यात भरपाई वसूल करण्याचा अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले. २०२३ मध्ये आणखी एक निकाल आला. एका कर्जदाराने जमातीच्या कंपनीकडून ११०० डॉलर घेतले होते. त्याने दिवाळखोरीचा अर्ज केल्यावरही तगादा चालूच राहिला. दिवाळखोरीचा कायदा जमातीलाही लागू आहे, असे न्यायालयाने सांगितले. थोडक्यात, न्याय मिळतो, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्याने मिळतो. म्हणून परीक्षा करायची ती सही करण्याआधी.

सगळ्याच जमातींचा धंदा भाड्याचा आहे, असे मी म्हणत नाही. काही जमाती स्वतः कंपनी चालवतात, नफा दवाखान्याला, शाळेला लावतात. पण मालक खरा असला म्हणून दर रास्त होत नाही. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. एक, सगळे आकार धरून वर्षाचा दर किती? दोन, नफा शेवटी कुणाच्या घरी जातो? तीन, भांडण झाले तर कुठल्या कायद्याने आणि कुणासमोर दाद मागायची? या तिसऱ्याला हलके समजू नका. एका कंपनीने करारात लिहिले होते की तंटा जमातीच्या लवादापुढे जाईल. २०१४ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाला दिसून आले की असा लवाद प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता!

आता आपल्या घरात या. आपल्याकडे जमातीची पाटी नाही, पण परवान्याची पाटी आहे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप पाहिली, त्यांतली ६०० बेकायदा निघाली. आणि परवाना असलेले सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कॅशबीन अ‍ॅप चालवणाऱ्या परवानाधारक कंपनीची नोंदणी रद्द केली. कारणांत भरमसाट व्याज होते, आणि वसुलीसाठी रिझर्व्ह बँक व सीबीआय यांची बोधचिन्हे वापरल्याचाही ठपका होता.

त्यानंतर नियम आले. कर्जामागे कुठली बँक किंवा वित्त कंपनी आहे, तिचे नाव सांगावे लागते. मुख्य अटींचा एक कागद आधी द्यावा लागतो, त्यात सगळे आकार धरून वर्षाचा दर लिहावा लागतो. अ‍ॅपने तुमच्या फोनमधले नातेवाइकांचे नंबर आणि फोटो उघडायचे नाहीत. २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपची यादीही जाहीर केली आहे. यादीत नाव नसेल तर तिथेच थांबा. नाव असेल तर मात्र तो दर रास्त असल्याचा दाखला समजू नका. दर तुम्हीच काढा.

कुणी म्हणेल, गरजवंताला अक्कल नसते, रात्री दवाखान्यात पैसे भरायचे तेव्हा हिशेब कोण करतो? खरे आहे. गरज खोटी नसते. म्हणूनच हा हिशेब गरज नसताना शिकायचा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते, वेळेवर फेडले तर केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांवर येते. ते ज्यांचे अडले आहे त्यांनी सभा संपल्यावर नावे द्या. आपण मिळून बँकेत जाऊ. आणि घरातल्या शिकलेल्या पोराला आजच बसवा, फोनमध्ये कुठली कर्जाची अ‍ॅप आहेत ती काढायला लावा, प्रत्येकापुढे वर्षाचा दर लिहायला लावा. सातशे ऐंशीचा आकडा कागदावर दिसला की बोट आपोआप मागे येते.