अपुरे राहिलेले गाणे

न्यूयॉर्क शहरातील डकोटा नावाच्या जुन्या इमारतीत १९७७ सालच्या सुमारास जॉन लेनन पियानोवर बसून एक नवे गीत जुळवीत होते. जवळच घरगुती कॅसेटयंत्र चालू होते. ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध चौकडीचे हे गायक त्या वेळी तबकड्यांच्या व्यवसायापासून दूर राहून घर आणि लहानगा मुलगा यांत रमले होते. गीत पुरते झालेले नव्हते. काही ठिकाणी शब्दांऐवजी नुसतेच गुणगुणणे होते. पुढे ८ डिसेंबर १९८० रोजी त्याच इमारतीच्या दाराशी लेनन यांची हत्या झाली आणि गीत तसेच राहिले.

‘नाऊ अँड देन’ या नावाने ते लोकांच्या कानी पडण्यास २ नोव्हेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या काळात ते एकदा हाती घेऊन टाकून देण्यात आले होते. ते का टाकले, यातच या कथेचे खरे मर्म आहे.

लेनन यांच्या पत्नी योको ओनो यांनी १९९४ साली अशी काही घरगुती मुद्रणे पॉल मॅकार्टनी यांच्या स्वाधीन केली. मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार हे तिघे मागे उरलेले सोबती एकत्र बसले. दिवंगत मित्राच्या आवाजाभोवती आपले सूर गुंफून त्यांनी ‘फ्री ॲज अ बर्ड’ हे गीत १९९५ साली व ‘रिअल लव्ह’ हे १९९६ साली प्रसिद्ध केले. तिसरे गीत हेच असायचे. हॅरिसन यांनी त्यासाठी गिटारही वाजविली. पण थोड्याच अवधीत काम थांबले.

अडचण कसली होती? पेटी वाजवीत गाणाऱ्याचे मुद्रण एकाच ध्वनिग्राहकातून केले, तर पेटी आणि गळा फितीवर एकजीव होऊन बसतात. गळा मोठा करण्यास जावे, तर पेटीही तितकीच मोठी होते. लेनन यांच्या फितीवर पियानो असाच गळ्यावर चढून बसला होता. त्यात वीजप्रवाहाची अखंड घुरघुर. ही घुरघुर एकाच स्वराची नसते. तिच्या पटीतले स्वर वर चढत मानवी आवाजाच्या मुलखात शिरतात, आणि त्यांना छाटावे तर गळ्याचेही लचके तुटतात.

हॅरिसन यांना ते गीत रुचलेच नव्हते, असे मॅकार्टनी यांनी नंतर सांगितले. हॅरिसन यांच्या पत्नी ऑलिव्हिया यांचे २०२३ सालचे म्हणणे निराळे आहे. फितीतले दोष दूर होण्यासारखे नाहीत, असे त्यांचे मत झाले होते. आज ते असते तर मनापासून या कामात सामील झाले असते, असे त्या म्हणतात. दोन्ही साक्षी जवळच्या माणसांच्या, आणि ज्यांना विचारायचे ते हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी निवर्तले. सुरांच्या बाबतीत ते बेफिकीर नव्हते, एवढे मात्र खास. पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेणारे, १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एच. एम. व्ही. ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांना घेऊन काम करणारे हे कलावंत होते. त्यांचा नकार लहरीचा मानून सोडून देता येत नाही.

वाट निघाली ती भलत्याच कामातून. न्यूझीलंडचे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन बीटल्सच्या १९६९ सालच्या तालमींचे चित्रण संपादित करीत होते. त्यांचा ‘गेट बॅक’ हा पट २०२१ मध्ये आला. त्या तालमींच्या फितींवरही सारे ध्वनी एकत्र मिसळलेले होते. शिवाय खाजगी बोलणे कोणी टिपू नये म्हणून ही मंडळी मुद्दाम गिटारी मोठ्याने छेडीत! तेव्हा जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला मानवी आवाज कसा असतो, गिटार कशी वाजते, हे असंख्य नमुने ऐकवून शिकविले आणि मिश्रणातून एकेक ध्वनी वेगळा काढण्याची युक्ती साधली. हंसाच्या नीरक्षीरविवेकाची कविकल्पना यंत्राने खरी केली म्हणावी. २०२२ साली लेनन यांची फीत त्यातून गेली आणि पियानो व घुरघुर मागे सारून गळा स्वच्छ बाहेर आला.

जून २०२३ मध्ये मॅकार्टनी यांनी बी. बी. सी. नभोवाणीवर हे सांगताच, मृत गायकाचा आवाज यंत्राने बनविला की काय, असा गवगवा झाला. काहीही कृत्रिम निर्मिलेले नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला, आणि तो रास्तच होता.

मग हॅरिसन यांची १९९५ ची गिटार तशीच ठेवून मॅकार्टनी यांनी साथ भरली, स्टार यांनी तालवाद्ये वाजविली. तंतुवाद्यांचे मुद्रण लॉस एंजेलिसला झाले. ते बीटल्सचे गीत आहे, हे वादकांना कळूही दिले नव्हते. गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि २०२५ मध्ये त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

आवाज बनविला नाही, हे मान्य. पण पूर्तता करताना दोन गोष्टी अशा झाल्या की त्यांचा दोष यंत्राकडे जात नाही. जुन्या गीतांतील, उदाहरणार्थ ‘एलिनॉर रिग्बी’मधील, चौकडीचे साथीचे स्वर उचलून येथे पेरले आहेत. एका गीतासाठी लावलेला गळा दुसऱ्यात नेला, तर साथ खरोखर कोणी केली? दुसरी गोष्ट अधिक खटकते. ध्रुपदाकडे नेणारा, मन अस्वस्थ करणारा एक भाग लेनन यांनी पियानोवर गाऊन ठेवला होता. तो नव्या तबकडीतून गाळला आहे. गीत त्यामुळे अधिक आटोपशीर झाले असेलही. पण तो भाग ऐकायचा, तर आजही त्या घुरघुरणाऱ्या फितीकडेच जावे लागते.