दंडाच्या पैशातून आलेला बंब

(महासंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत. एक, उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी. दुसरा, बैठकीला गैरहजर राहिल्याचा दंड बंद करावा, ही काही गटांची मागणी. अध्यक्षताईंनी मला दोन्हींवर थोडं बोल म्हणून सांगितलं. मी दोन्ही विषय एकाच गोष्टीत सांगते. गोष्ट परदेशातली आहे, पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे, पण खरी आहे. त्या लोकांची नियमावली मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, ही तर आपल्याच एखाद्या गटाची वही!

गाव म्हणजे अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. आज ते मोठं शहर आहे. पण १७३० च्या सुमारास ते नदीकाठचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फिरता येईल एवढंच होतं. अमेरिका हा देशही तेव्हा झालेला नव्हता, राज्य इंग्रजांचं. थंडी कडाक्याची, म्हणून घरात शेकोटी आणि वर धुराडं. घराला घर लागून. १७३० मध्ये नदीच्या धक्क्यावर मोठी आग लागली, त्यात गोदामं जळाली, घरं जळाली. मग नगराच्या कारभाऱ्यांनी इंग्लंडहून बंब आणि बादल्या मागवल्या. बंब म्हटल्यावर आपल्या तालुक्याची लाल गाडी डोळ्यासमोर आणू नका. एक हौद, त्यावर माणसांनी हातानं मारायचा पंप, आणि त्या हौदात पाणी ओतायचं ते बादल्यांनीच.

म्हणजे सामान आलं. पण आग लागल्यावर ते कोण बाहेर काढणार, पंपावर कोण उभं राहणार, पाणी कुठून आणणार, हे काही ठरलेलं नव्हतं. आपल्याकडे पण असं होतं बघा. योजनेतून मशीन येतं आणि खोलीत पडून राहतं.

त्या गावात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा छापखानेवाला होता. पुढे वीज आणि पतंगाच्या प्रयोगामुळे ज्याचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, तोच. त्याचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्यात आगीबद्दल एक पत्र छापून आलं. पत्र लिहिणारा एक म्हातारा नागरिक, असं दाखवलं होतं. खरं तर ते फ्रँकलिननंच लिहिलं होतं आणि तो तेव्हा २९ वर्षांचा होता. तरुण माणसाचं गावात कोण ऐकतं, हे त्याला चांगलंच माहीत असणार. (मला हे फार पटलं!)

पत्रात मोठ्या गप्पा नाहीत. लोक एका खोलीतला विस्तव उघड्या फावड्यावर घेऊन दुसऱ्या खोलीत जातात, जिन्यात एखादा निखारा सांडतो आणि कळतही नाही. तेव्हा विस्तव झाकणाच्या भांड्यातून न्या, म्हणतो. आपल्या आजीच्या वेळी शेजारून शेणीवर विस्तव आणायच्या, वारं सुटलं की ठिणग्या उडायच्या, तसंच हे. धुराडी वेळेवर साफ करा, म्हणतो. आणि मग एक खोचक प्रश्न टाकतो: गावात बंब पुरेसे आहेत, पण ते अर्धा तास चालवायला पाणी आहे का? शेवटी म्हणतो, दुसऱ्या शहरात लोकांनी यासाठी मंडळ केलंय, आपणही करू. ते दुसरं शहर म्हणजे बॉस्टन, त्याचं जन्मगाव.

बोलणं सुरू झाल्यापासून गट उभा राहायला पावणेदोन वर्षं लागली. ७ डिसेंबर १७३६ ला युनियन फायर कंपनी स्थापन झाली. नाव कंपनी असलं तरी तो धंदा नव्हता. पगार नाही, गणवेश नाही. शेजारीपाजारी, व्यापारी, कारागीर अशी माणसं, आणि एक सह्या केलेला कागद.

आता तो कागद ऐका.

सभासद २५ पेक्षा जास्त नाहीत. प्रत्येकानं स्वखर्चानं दोन चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या चार पिशव्या तयार ठेवायच्या. आपल्या विहिरींवर मोट असायची ना, तसंच चामडं. पिशवीला किमान चार वार कापड, तोंडाला ओढून बंद करायची दोरी. पिशव्या कशाला? घर पेटलं की आतलं सामान भरून बाहेर काढायला. बादलीवर आणि पिशवीवर मालकाच्या नावाची अक्षरं. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाहीत. म्हणजे दूध काढायला बादली न्या, दाणे भरायला पिशवी न्या, असं चालणार नाही. जागेवर नसली तर दर नगाला पाच शिलिंग दंड. पण आगीच्या कामात हरवली किंवा फाटली तर भरपाई सगळ्यांनी मिळून करायची.

आग लागल्याची हाक आली की निदान अर्ध्या बादल्या-पिशव्या घेऊन धावायचं. दोघांनी जळत्या घराच्या दारात उभं राहायचं, कारण गर्दीत मदतीच्या नावाखाली चोर घुसतात. बाहेर काढलेल्या सामानापाशी कुणीतरी थांबायचं, मालकाच्या हातात जाईपर्यंत. रात्रीची वेळ असेल तर आगीजवळच्या सभासदांनी आपापल्या घरात दिवे लावायचे, म्हणजे अंधारात गोंधळ होणार नाही. हे नियम ज्यानं लिहिले त्यानं आग जवळून पाहिली असणार, नाहीतर दिव्याचं सुचत नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी बैठक. गैरहजर राहिलं तर एक शिलिंग दंड. सचिव दर महिन्याला बदलणार, ज्या क्रमानं सह्या केल्या त्या क्रमानं. कुणी पाळी नाकारली तर पाच शिलिंग. सचिवानं घरोघरी जाऊन बादल्या-पिशव्या तपासायच्या, बैठकीचा निरोप निदान सहा तास आधी द्यायचा, आणि बैठकीत दुसरं काहीही सुरू करण्याआधी सगळे नियम आणि सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचायची. दर महिन्याला! आपल्या बैठकीत नियम वाचायला घेतले की "ताई, माहीत आहेत ते, पुढचं घ्या" म्हणतात ना, त्यांनी हे लक्षात ठेवा. आणि एक नियम खास तुमच्यासाठी: बैठकीची वेळ ठरली की त्यानंतर एक तासानं कामाला सुरुवात. म्हणजे उशिरा येण्याची सोय त्यांनी कागदावरच करून ठेवली होती.

दंड द्यायला नकार दिला तर नाव खोडून सभासदत्व बंद. जमलेला दंड सामाईक निधीत. त्या निधीचं काय झालं ते फ्रँकलिननं म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. गैरहजेरीच्या छोट्या छोट्या दंडातून बंब आले, शिड्या आल्या, आगीत जळती लाकडं ओढायचे लांब आकडे आले. 

गटात यायला इतके लोक तयार झाले की जागा पुरेना. तेव्हा पहिल्या गटानं स्वतःला फुगवलं नाही, तुम्ही तुमचा वेगळा गट काढा म्हणून सांगितलं. १७३८ मध्ये फेलोशिप फायर कंपनी झाली, मग एकामागून एक होत गेल्या. फ्रँकलिन लिहितो की या कंपन्या सुरू झाल्यापासून एका आगीत एक-दोन घरांपेक्षा जास्त घरं गेली नाहीत. पुढे १७५२ मध्ये याच मंडळींनी पुढाकार घेऊन आगीचा विमा सुरू केला, सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याचं जळेल त्याला द्यायचं. ती विमा संस्था आजही चालू आहे. तिची खूण म्हणजे एकमेकांची मनगटं धरलेले चार हात.

इथपर्यंत ऐकून सगळं गोड वाटेल. पण दुसरी बाजूही सांगते. स्वतः फ्रँकलिनच लिहितो की या कंपन्यांत आले ते मालमत्ता असलेले पुरुष. कागदावरची पहिली जबाबदारी एकमेकांच्या घरांची होती. ज्याच्याकडे दोन चामड्याच्या बादल्या घ्यायची ऐपत नाही, तो सभासद कसा होणार? आणि १८१८ मध्ये त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपली आग विझवणारी संघटना काढायचं ठरवलं, तेव्हा गोऱ्यांच्या कंपन्यांनी विरोध केला आणि ती संघटना गुंडाळावी लागली. आग विझवायला आणखी हात मिळत होते, ते नको म्हणाले. पुढच्या काळात तर आगीपाशी आधी कोण पोचलं यावरून कंपन्या-कंपन्यांत मारामाऱ्या व्हायला लागल्या. शेवटी १८७१ मध्ये शहरानं पगारी अग्निशमन दल नेमलं.

आणि बायका? बादल्यांच्या रांगेत भरलेली बादली पुढे द्यायला पुरुष, रिकामी मागे विहिरीकडे द्यायला बायका आणि पोरं, असं त्या काळचं वर्णन सापडतं. काम होतं, यादीत नाव नव्हतं. तरी १७३६ च्या त्या कागदावर सगळ्यात शेवटचा नियम विधवेचा आहे. सभासद वारला तर त्याच्या बायकोला संकटात तशीच मदत करायची, जशी तो असताना केली असती. तिनं फक्त बादल्या आणि पिशव्या तयार ठेवायच्या. तिला मत नाही, बैठकीला बोलावणं नाही, पण तिच्या दारात दोन माणसं उभी राहणार हे लेखी आहे. मला हा नियम अर्धा आवडतो. आपल्या गटात ताईचा नवरा गेला की ती दोन-तीन महिने येत नाही, हप्ता थकतो, आणि आपण वहीत तिच्या नावापुढे फक्त थकबाकी लिहितो. तिच्यासाठी काय करायचं, हे किती गटांच्या नियमावलीत आहे? मी पाहिलेल्या वह्यांत तरी नाही.

बायकांचं स्वतःचं दल हवं असेल तर ते इंग्लंडमध्ये झालं. केंब्रिजजवळ गर्टन नावाचं मुलींचं कॉलेज आहे. १८७८ मध्ये जवळच गवताच्या गंजी पेटल्या, तेव्हा मुलींनी आपलं अग्निशमन दल काढलं. शिकवण्यासाठी लंडनच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांची, कॅप्टन शॉ यांची मदत घेतली. हातपंप, बादल्यांची रांग, सराव, सगळं मुलींचं. १९३२ पर्यंत ते दल चाललं. कडब्याची गंजी पेटणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आपल्या विषयावर येते. तालुक्याचा बंब यायला वेळ लागतो. १०१ ला फोन करायचाच, पण तोवरची वेळ आपली असते. गंजी घराला आणि गोठ्याला लागून रचू नका, विजेच्या तारेखाली तर नकोच. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद करा, त्याआधी पाणी मारू नका. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही, गॅस बंद करून वर ताट झाका. आग लागली की आधी म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर, दावणीची जनावरं सोडायची, सामान नंतर. आणि घरं राहिलेल्यांनी पेटलेल्या घराच्या दारात थांबायचं, कारण चोर अजून आहेत.

दंडाबद्दल माझं मत विचाराल तर दंड बंद करू नये. पण फिलाडेल्फियाच्या त्या लोकांना एक शिलिंग जड नव्हता. आपल्या ताईची दिवसाची मजुरी बुडते म्हणून ती येत नाही, तिला वर दंड लावायचा, हे मला पटत नाही. मजुरीला, दवाखान्यात किंवा बाळंतपणात असलेलीला दंड नको, आधी निरोप दिला असेल तर नको. विनाकारण दांडी मारणारीला हवा. आणि तो पैसा वहीत नुसता पडून राहू नये. माझी सूचना अशी की प्रत्येक ग्रामसंघानं दंडाच्या निधीतून आधी चार बादल्या, एक शिडी, एक लांब आकडा आणि एक चांगली बॅटरी घ्यावी. बादल्यांवर ग्रामसंघाचं नाव रंगवावं. लग्नकार्याला त्या द्यायच्या नाहीत. कुणाच्या घरी ठेवायच्या, हे गावानं ठरवावं, पण ते घर वस्तीच्या मधलं असावं आणि झोपडीवाल्या ताईलाही तिथं रात्री दार ठोठावता आलं पाहिजे.

ठराव सचिवताईंकडे लिहून दिलाय. त्यात एक ओळ मी वाढवली आहे, सभासद ताईवर असा प्रसंग आला तर पहिले तीन महिने गटातल्या दोघींनी तिच्या घरी जायचं. त्या दोघी कोण, हे आधीच वहीत लिहायचं. मतदान चहानंतर घेऊ.