शाईच्या फितीचा जमाखर्च

(धडगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, कोरडवाहू शेती आणि नर्मदेच्या बुडितक्षेत्राचे प्रश्न यांवर विद्वानांनी विवेचन केले, त्याच व्यासपीठावरून भुताखेतांच्या व्हिडिओ गेममध्ये ‘सेव्ह’ केव्हा करावे या विषयावर महसूल खात्यातल्या एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने बोलावे, हे कित्येकांना रुचलेले नाही, याची मला जाणीव आहे. पत्रिकेत चिटणीसांनी विषयाचे नाव ‘आधुनिक मनोरंजन : एक चिंतन’ असे मोघम छापले, त्यावरूनच ती मला झाली. (हशा) तथापि ज्याची सारी हयात नोंदी करण्यात, नोंदी शोधण्यात आणि नोंद सापडत नाही म्हणून लोकांची बोलणी खाण्यात गेली, त्याला या विषयाचा अधिकार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी घरातल्या एखाद्या पोराच्या शेजारी बसून तो खेळ पाहावा आणि मग बोलावे.

खेळ कोणता, हे मागच्या बाकांवरच्या तरुणांना सांगावयास नको. पुढच्या रांगांसाठी एवढेच, की १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली प्लेस्टेशनसाठी तो काढला. त्याचे जपानातले नाव ‘बायोहॅझर्ड’ आणि अन्यत्र ‘रेसिडेंट ईव्हिल’. आणि रानातला एक ओसाड वाडा, त्यात हिंडणारी प्रेते, गोळ्या थोड्या आणि दारे फार, याहून अधिक कथानक आज आपल्याला नको आहे. आपल्याला हवे आहे ते त्या वाड्यातल्या मोजक्या खोल्यांत मांडून ठेवलेले टाइपरायटर. खेळणाऱ्याला आपली प्रगती जतन करावयाची असेल तर त्या यंत्रापर्यंत जिवंत पोहोचावे लागते, आणि पोहोचल्यावर शाईची एक फीत खर्ची घालावी लागते. फिती वाड्यात ठिकठिकाणी सापडतात, पण बेताच्या. त्यातही क्रिस नावाच्या नायकाला एका वेळी सहाच आणि जिल या नायिकेला आठच वस्तू जवळ बाळगता येतात. त्यांत पिस्तूल आले, काडतुसे आली, जखमेवरचा पाला आला, किल्ल्या आल्या, आणि खिशात फीत असली तर तिनेही एक जागा अडवलीच. मेलात, की शेवटच्या नोंदीनंतरची सारी कमाई रद्दबातल.

आता माझे म्हणणे. या खेळात जे भय वाटते ते प्रेताचे नसते. दोन-चारदा पाहिल्यावर त्या प्रेताचे काही वाटेनासे होते. मंद चालीचा, वाकडी मान करून येणारा तो एक गरीब प्राणी आहे, आणि आमच्या कचेरीत दुपारी तीननंतर त्याच चालीने हिंडणारी माणसे मी पाहिलेली आहेत. (हशा, टाळ्या) भय वाटते ते नोंद न झालेल्या कमाईचे. अर्धा तास खपून किल्ली मिळवली, कोडे सोडवले, गोळ्या वाचवल्या, आणि त्यातले काहीच अद्याप दप्तरी दाखल नाही. अशा वेळी साधे दार करकरले तरी छातीत धस्स होते, आणि नोंद होताच त्याच दारातून तोच माणूस शीळ घालीत जातो. दार तेच असते, बदललेली असते ती खातेवहीतली शिल्लक.

यावर कोणी म्हणेल की मग फिती जपून वापराव्यात. नाही! इथेच बहुतेक जण फसतात. नवखा खेळाडू फितीला हात लावीत नाही. पुढे याहून वाईट प्रसंग येईल, तेव्हा काढू, असे म्हणत तो ती वाड्यातल्या सामान ठेवण्याच्या पेटीत टाकीत जातो, तोच प्रदेश पुनःपुन्हा तुडवून रडकुंडीला येतो, आणि अखेर वाड्याबाहेर पडतो तेव्हा पेटीत फितींची थप्पी तशीच पडलेली असते. खेळ संपल्यावर त्या फितींना काडीचीही किंमत नसते. उलट दुसरा एक घाबरट प्रत्येक यंत्रापाशी थांबून नोंद करतो आणि मध्यावरच कफल्लक होतो. या दोघांच्या मधली वाट धरावयाची तर यंत्रापाशी उभे राहून स्वतःला दोन प्रश्न विचारावे: मागच्या नोंदीपासून हाती जे आले ते पुन्हा मिळवावयास किती वेळ लागेल, आणि समोरचे दार ओळखीचे आहे की अनोळखी. कमाई मोठी आणि दार अनोळखी असेल, तर फीत ताबडतोब लावावी. कमाई क्षुल्लक आणि वाट पायाखालची असेल, तर पुढे चालू लागावे.

आणखी एक मर्म आहे, ते कित्येक मुरलेल्या खेळाडूंच्याही ध्यानात येत नाही. मरतो तो क्रिस. तुम्ही मरत नाही. कोणत्या वळणावर काय दबा धरून बसले आहे हे ज्ञान पडद्याबाहेर, तुमच्या डोक्यात शिल्लक राहते, आणि त्यावर फीत खर्ची पडत नाही. म्हणून नोंद केल्याबरोबर लगेच जपून चालणे हा मूर्खपणा आहे. तीच वेळ बेदरकारपणे पुढे धावण्याची, सगळी दारे उघडून पाहण्याची, खुशाल मरण्याची. गमावण्यासारखे तेव्हा काहीच नसते. मग मागे यावे आणि तीच वाट शहाण्यासारखी चालावी. मात्र अंगात विष भिनलेले आणि गोळ्या संपलेल्या असताना केलेली नोंद जुन्या नोंदीवर कधीही चढवू नये. जुनी वेगळी ठेवावी. आमच्याकडे फेरफाराची नवी नोंद करताना जुनी खोडून टाकीत नसत, तिला कंस करीत, त्यामागे हेच शहाणपण होते.

टाइपरायटरच का, असा प्रश्न मला पुतण्याने विचारला होता. त्या पिढीला तो पडणारच. गोदरेज आणि बॉईस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, त्यानंतर तालुक्या-तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज टंकणारी मंडळी दिसू लागली. त्यांची फीत अर्धी काळी आणि अर्धी तांबडी असे, ती टोकापर्यंत गेली की उलटी फिरे, आणि अक्षर फिके पडू लागले की मशीनच्या तेलाचा एक थेंब देऊन ती आणखी काही दिवस ओढीत. नवी फीत घालण्याच्या दिवशी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी कुचंबणा दिसे, तीच मी पुतण्याच्या चेहऱ्यावर पाहिली.

इथे एक हकीकत सांगतो, लहानशी आहे. (मागून आवाज : सांगा, सांगा!) २००६ चा वनहक्क कायदा आपणां सर्वांना पाठ आहे; त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मिळतो, एवढेच. ही तारीख लक्षात ठेवा. दावे भरावयाचे होते तेव्हा वरच्या पाड्यावरचे एक पावरा आजोबा बांबूचे एक नळकांडे घेऊन आले. बूच काढले. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. पाहतो तो अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या! बापाने भरलेल्या आणि पुढे स्वतः भरलेल्या. दंड भरताना त्या माणसाच्या घरातला दाणा गेला असेल, कोंबडी गेली असेल, कदाचित बैलही गेला असेल. पैसे पाण्यात गेले असेच त्याला वाटले असेल. आणि कायदा आला तेव्हा, अमुक साली अमुक माणूस या जमिनीवर नांगर धरून उभा होता याची सरकारी शाईतली साक्ष त्याच पावत्यांनी दिली. त्यांच्या धाकट्या भावानेही दंड भरलेलाच होता. पण त्याच्या पावत्यांनी एका पावसाळ्यात चूल पेटली होती. त्याच्यासाठी गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यावे लागले, बांध दाखवावे लागले, विहीर दाखवावी लागली. नियमांत त्याला जागा आहे, आणि ती आहे म्हणूनच निभावले. पण ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्या त्याला किती हेलपाटे घालून चढाव्या लागल्या, ते या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान निम्म्यांना माहीत आहे.

(‘गेममध्ये या!’ असा आवाज.) गेममध्येच आहे, बाबा! फीत वापरताना ती दंडासारखीच वाटते, म्हणून माणूस चुकवतो. एवढ्यासाठी ही हकीकत सांगितली. आता ती लांबली हे खरे. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘पाच मिनिटे, आणि चांदसैली घाटाने जाणाऱ्यांची जीप थांबली आहे.’ ठीक.

तर पुढचा इतिहास धावता घेऊ. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये नोंदीवर मर्यादाच नव्हती. २००५ साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेच्या चौथ्या खेळात टाइपरायटर राहिला आणि फीत गेली; म्हणजे कचेरी राहिली आणि स्टँप-ड्यूटी माफ झाली. (हशा) त्यानंतर बहुतेक खेळ आपोआप नोंद करू लागले, दर दोन पावलांवर कोपऱ्यात चक्र फिरते आणि सारे जतन होते. माझ्या मते त्या दिवसापासून या खेळांत राक्षस मोठे होत गेले आणि भय लहान होत गेले. पुतण्या याला म्हातारचळ म्हणतो. पण मग २०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये हाताने नोंद करण्याची पद्धत परत का आणावी लागली? तिथे फीत नाही. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालावयाचे आणि एकामागून एक दिवे लागेपर्यंत उभे राहावयाचे, आणि तेवढ्या अवधीत ते परग्रहावरचे जनावर मागून येऊन तुम्हाला उचलू शकते. किंमत वस्तूत न घेता वेळात घेतली, इतकेच. २०१७ च्या सातव्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये सर्वांत कठीण पातळीवर नोंदीला ध्वनिफितीची कॅसेट लागते. आणि २०१९ साली त्याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तिच्या ‘हार्डकोर’ पातळीवर शाईची फीत पुन्हा हजर. ज्यांनी ती काढली त्यांनीच ती परत बोलावली. आमच्या खात्यातही असे होते, पण तिथे त्याला नवे परिपत्रक म्हणतात.

(मागच्या बाकावरून प्रश्न : त्या हार्डकोरमध्ये वरची श्रेणी मिळवायला तीनच सेव्ह चालतात. ते कुठे खर्च करायचे?)

वा! अखेर एक विषयाला धरून प्रश्न आला. त्यात वेळेचेही बंधन आहे, तेव्हा आधी एक-दोनदा श्रेणीची आशा सोडून, फिती सढळ हाताने उडवून सगळा वाडा, म्हणजे इथे पोलीसठाणे, तोंडपाठ करावे. मग पहिली नोंद, तिन्ही पदके हाती आल्यावर, मूर्तीखालच्या भुयारात उतरण्यापूर्वी, मुख्य दालनातल्याच टाइपरायटरवर. दुसरी गटारांत, तिथे पाण्यातली ती किळसवाणी पिलावळ अंगावर येण्याआधी. तिसरी प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर, कारण त्यानंतर पाठीस लागणाऱ्या राक्षसाला तुमच्या फितीशी काही कर्तव्य नसते. तीन पुरतात. आणि चौथी मोह घालू लागली, तर ती पेटीत टाकून झाकण लावा. हो, अध्यक्ष महाराज, उठलोच. जीपवाल्याला सांगा, मलाही घ्या.