तिकीट कोणी द्यायचं?

संगणकांच्या मोठ्या व्यवस्थेचा आराखडा, ज्याला या व्यवसायात आर्किटेक्चर म्हणतात, तो शिकायला आज अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत. आजच्या गोष्टीतली माणसं तो शिकली विद्यापीठातली नोकरी करता करता, आणि त्यांना शिकवलं ते विद्यार्थ्यांच्या वर्दळीने.

मे १९८३. अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या एमआयटीने डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साथीने ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या अभ्यासात संगणक आणायचा, एवढाच हेतू. पाच वर्षांचा म्हणून आखलेला हा प्रकल्प आठ वर्षं चालला आणि ३० जून १९९१ रोजी संपला. खिडक्यांनी भरलेला पडदा दाखवणारी एक्स विंडो प्रणाली याच काळात तिथे वाढली. पण आराखड्याचा खरा धडा दुसरीकडेच होता.

अथीनाच्या आधीची पद्धत अशी, की एक मोठा संगणक कुलपाच्या खोलीत आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनलं. कोण काम करतंय याची खातरजमा तो एकटा संगणक करायचा आणि तो कारभाऱ्यांच्या ताब्यात असायचा. अथीनाने वर्कस्टेशन्स आवारभर, सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या खोल्यांत मांडली. कोणीही यावं, बसावं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं. या सार्वजनिक यंत्रांचा रूट पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकाराची किल्ली, तीही गुपित नव्हती. युनिक्सच्या जगात तोवर यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची रीत होती: ‘माझ्यासमोर अमुक माणूस बसलाय’ असं एका यंत्राने सांगितलं की दुसरं ते मान्य करायचं. इथे तर यंत्रच परक्याच्या हातात. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कोणी करायची?

उत्तर शोधणाऱ्यांत दोन नावं प्रमुख आहेत: स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन. न्यूमन १९८५ मध्ये एमआयटीचीच पदवी घेऊन अथीनात कामाला लागलेले. पाया होता रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. त्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला नाव मिळालं केर्बेरोस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर पहारा देणारा हा तीन डोक्यांचा कुत्रा.

यातली युक्ती सुंदर आहे. कुलपाच्या खोलीत एक राखणदार सर्व्हर असतो आणि सगळ्यांच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे असतात. विद्यार्थी नाव सांगतो. सर्व्हर त्याच्याच पासवर्डच्या किल्लीने बंद केलेलं एक पाकीट पाठवतो. पासवर्ड खरा असेल तर पाकीट उघडतं, नसेल तर ते कुचकामी. पासवर्ड स्वतः तारेवरून जातच नाही. पाकिटात मिळतो एक पास, अथीनात तो आठ तास चालायचा. एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’सारखा एकदाच काढायचा. फरक एवढाच, की तो दाखवून टपाल, छपाई, फायली अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळं तिकीट घ्यायचं.

हे सगळं एका दमात कोणाला सुचलं नाही. त्याचा पुरावा म्हणजे अथीनातल्याच बिल ब्रायंट यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये लिहिलेला चार प्रवेशांचा संवाद. पात्रं दोन. अथीना ही उमेदीची प्रणालीकार आणि युरिपिडीस हा अनुभवी, खडूस सहकारी. ती आराखडा आणते, तो भोक दाखवतो. पासवर्ड उघडा जातोय. बरं, दर सेवेला पासवर्ड पुन्हा विचारणार का? तिकीट चोरलं तर? म्हणून मुदत घातली. मुदतीच्या आतच चोरलं तर? म्हणून तिकिटासोबत दर वेळी ताजा, वेळेचा शिक्का असलेला दाखला. आणि पलीकडचा सर्व्हरच तोतया असेल तर? ती दर वेळी मागे जाते आणि सुधारून येते. आराखडा कसा घडतो हे इतकं प्रामाणिकपणे दाखवणारं लेखन या विषयात फार थोडं आहे. सिद्ध झालेली रचना सगळेच छापतात, फसलेले टप्पे क्वचितच कोणी छापतं.

तरीही चूक राहिलीच. केर्बेरोसच्या चौथ्या आवृत्तीतल्या किल्ल्या ज्या यादृच्छिक आकड्यांतून बनत, ते आकडे पुरेसे यादृच्छिक नव्हते. मूळ प्रोग्राम वर्षानुवर्षं लोकांसमोर उघडा होता, शेकडो जाणकारांनी तो वापरला, आणि दोष दाखवला १९९६ मध्ये दुसऱ्या एका विद्यापीठाने, पर्ड्यूच्या संशोधकांनी. किल्ली काही सेकंदांत ओळखता येत होती. पाचवी आवृत्ती तोवर आलेली होती. सप्टेंबर १९९३ मध्ये ती इंटरनेटचं प्रस्तावित मानक म्हणून नोंदली गेली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने तीच स्वीकारली.

म्हणजे पुण्यात किंवा नागपुरात, विंडोजच्या सामायिक जाळ्यावर चालणाऱ्या कचेरीत सकाळी कोणी लॉगिन करतं, तेव्हा बहुधा हेच तिकीट हातात पडतं. संगणकाचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे झालं की लॉगिन अडतं, हा अनुभव तिथल्या तंत्रज्ञांना असतो. त्यामागे तोच वेळेचा शिक्का आहे.

आपल्या विद्यापीठांच्या संगणक विभागांतही परीक्षा, प्रवेश, निकाल यांच्या व्यवस्था रोज कोणी तरी उभ्या करतं, मोडतं, पुन्हा उभ्या करतं. कोणती रचना का टाकून दिली, हे त्या माणसांना ठाऊक असतं आणि ती निवृत्त झाली की ते ज्ञानही त्यांच्यासोबत जातं. या सभागृहात असं काम करणारे कोणी असतील, तर त्यांना विनंती आहे: आपले असे संवाद लिहून ठेवा, फसलेल्या टप्प्यांसकट, आणि मराठीत लिहा.