जुनी तबकडी रंगवू नका



मी कामाने सॉफ्टवेअरवाली, पण छंद जुन्या स्पोर्ट्स घड्याळांचा. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ साली मुंबईच्या बाजारात आली. तिचं 'सी किंग' आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना आठवत असेल. त्याच कंपनीने १९६२ साली गिर्यारोहकांसाठी 'बिव्हुआक' काढलं. हवेचा दाब उतरला की आतली धातूची पोकळ डबी फुगते, काटा सरकतो आणि ३,००० मीटरपर्यंतची उंची कळते. बॅटरी नाही, चिप नाही! माझ्यासारखीला भुरळ पडणारच.

गंमत म्हणजे संग्राहकाला चकचकीत घड्याळ नको असतं. डाग पडलेली, पिवळट झालेली मूळ तबकडी जास्त मोलाची. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी चढवलेल्या घड्याळांना हे लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भिंगातून पाहिलं की अक्षरं जाडी-भरडी दिसतात, ओळ तिरकी जाते.

पिंपळनेरच्या घराघरांतल्या कपाटांत वडिलांचं, आजोबांचं एखादं बंद घड्याळ असेलच. त्याचं तेलपाणी जरूर करा. पण तबकडी रंगवू नका, केस घासून पॉलिश करू देऊ नका. मूळ खुणा गेल्या की परत येत नाहीत. कोणी आज घड्याळ आणलं असेल, तर जेवणानंतर मला भेटा. भिंग पर्समध्येच आहे.