पोर्तुगीज का शिकावी?



नाहूर स्थानकाच्या पुलावरून पश्चिमेकडे पाहिले की डोंगरांची रांग दिसते. याच डोंगरांत कान्हेरीची लेणी आहेत. त्यांच्या दोन्ही अंगांचा प्रदेश, इकडे मुलुंड-भांडुप आणि तिकडे बोरिवली-वांद्रे, म्हणजे जुने साष्टी बेट. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकून घेतला. मधली दोनशे वर्षे येथील शेतसाऱ्याचा हिशेब पोर्तुगीज भाषेत लिहिला जात होता. सिमाँव बोतेल्यो या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये तयार केलेल्या महसुली नोंदवहीत वसई प्रांताच्या उत्पन्नाची नोंद आहे. आपल्याच गावशिवाराचा हा दस्तऐवज मुळातून वाचू शकेल, असा माणूस आज या उपनगरांत शोधून सापडेल काय?

यावर एक आक्षेप हमखास येतो. परकी सत्ता गेली. आता तिची भाषा कशाला? ज्या राजवटीने गोवा मुक्त झाल्यावरही मोहन रानडे यांना जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात डांबून ठेवले, तिची भाषा आपल्या मुलांनी का शिकावी? ही चीड स्वाभाविक आहे. मात्र चीड हे अज्ञानाचे समर्थन होऊ शकत नाही.

१६८३ सालचा प्रसंग पाहा. नोव्हेंबर महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने गोव्यालगतचे जुवे बेट घेतले. ते परत मिळवण्यासाठी विजरई कोंद द आल्व्होर स्वतः धावला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. पुढे त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि गोव्याच्या रक्षणाचा भार त्या संतावर सोपवला. मोगल फौजा कोकणात उतरल्या, महाराजांना मागे फिरावे लागले, म्हणून गोवा वाचला. मराठ्यांची ही दहशत आपल्याला कळते ती पोर्तुगिजांच्याच लेखणीतून. याच विजरईने जून १६८४ मध्ये फर्मान काढले, की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावे. सक्तीने लादलेली भाषा आणि आपल्या गरजेपोटी स्वेच्छेने शिकलेली भाषा, यांतील अंतर ओळखायला हवे.

ते अंतर ओळखणारा एक विद्वान गोव्यातच झाला. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा जन्म १८९४ चा. राजवट पोर्तुगिजांची असतानाच ते त्यांच्या दप्तरखान्याचे प्रमुख झाले आणि सुमारे तीन दशके तेथे राहिले. हा दप्तरखाना १५९५ सालचा. पावसाळी वाऱ्यांच्या बेताने लिस्बनहून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतला पत्रव्यवहार तेथे ‘मान्सूनची पुस्तके’ या नावाने बांधून ठेवलेला आहे. पिसुर्लेकरांनी राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या काळातील ठरावांचे पाच खंड संपादित केले. पोर्तुगीज दरबारासाठी राजकारण करणाऱ्या हिंदी वकिलांवर ग्रंथ लिहिला. १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकाला हे भांडार मराठीतून खुले झाले. दोन वर्षांनी ते निवर्तले. त्यांची परंपरा पुढे नेणारे अभ्यासक झाले, पण कागदांच्या मानाने हात फार थोडे आहेत.

या अभ्यासाचा लाभ केवळ इतिहासालाच होतो असेही नाही. पगार, चावी, बालदी, घमेले, लिलाव, पाव, बटाटा, हे शब्द आपल्या घरात पोर्तुगीज वाटेनेच आले. अशा शब्दांचा आशियाभर माग काढणारे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो हे गोव्याचे सुपुत्र. ते लिस्बनच्या विद्यापीठात संस्कृत शिकवीत. रोममध्ये १७७८ साली छापलेले मराठीचे व्याकरणही पोर्तुगीज भाषेत आहे. म्हणजे मराठीच्या अभ्यासकालाही ही वाट टाळता येत नाही.

वर्तमानाचा विचार करणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की पोर्तुगीज आज एकट्या पोर्तुगालची उरलेली नाही. ती ब्राझीलपासून अंगोला, मोझांबिक आणि पूर्व तिमोरपर्यंत नऊ देशांची राजभाषा आहे; तिच्या भाषकांत बहुसंख्य ब्राझीलचे आहेत. एकेकाळी तिने अंकित केलेल्या राष्ट्रांनीच तिच्यात आपले साहित्य घडवले. त्या देशांशी भारताचा व्यापार आहे, राजनैतिक संबंध आहेत. गोवा विद्यापीठात ही भाषा आणि तिची संस्कृती पदव्युत्तर पातळीवर शिकवली जाते; दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही ही भाषा शिकवली जाते. पदवी हाती पडताच नोकरी दारी येईल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. हा चिकाटीचा अभ्यास आहे. सोळाव्या शतकातील वळणदार हस्ताक्षर लागायलाच वर्षे जातात.

आणि एकट्या पोर्तुगिजीनेही भागणार नाही. शत्रूचा कागद शत्रूच्या सोयीने लिहिलेला असतो. तो मोडी आणि फारसी कागदांशी ताडून पाहावा लागतो. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारा तरुण अभ्यासक ही आज महाराष्ट्राची निकड आहे.

घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी कला शाखेकडे वळू म्हणते, तेव्हा आपले चेहरे उतरतात. पुढच्या वेळी ते उतरू देऊ नका. साष्टीचा मुलूख मराठ्यांनी तलवारीने परत आणला. त्या मुलुखाची दोनशे वर्षे अजून परक्या अक्षरांत आहेत; ती परत आणायला आपल्या घरातलेच कोणीतरी बसले पाहिजे.